प्रवाहाचे ‘नियंत्रण’ : एका संज्ञेची चिकित्सा

१९०४ च्या ऑगस्टमध्ये हायडेलबर्ग येथे भरलेल्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय गणितज्ञ-परिषदेत लुडविग प्रांट्ल या एकोणतीस वर्षांच्या प्राध्यापकाने एक निबंध वाचला. छापील स्वरूपात तो अवघा आठ पृष्ठांचा आहे. वाहत्या द्रव्याचा घन पृष्ठाशी येणारा संबंध पृष्ठालगतच्या एका अत्यंत पातळ थरापुरता वेगळा काढून विचारात घ्यावा, ही त्यातील मुख्य कल्पना होय. ‘सीमास्तर’ या नावाने पुढे तिच्यावर एक सबंध शास्त्र उभे राहिले. निबंधाच्या अखेरच्या भागात एका प्रयोगाचे वर्णन येते. हाताने फिरवावयाच्या चाकाने पाणी खेळविलेल्या एका हौदात प्रांट्लने पोकळ दंडगोल ठेवला, त्याच्या एका बाजूस फट पाडली आणि तीतून सीमास्तराचे पाणी आत ओढून घेतले. त्या बाजूचा प्रवाह दंडगोलास धरून राहिला. दुसऱ्या बाजूचा नेहमीप्रमाणे सुटला. म्हणजे सीमास्तराची कल्पना आणि त्यात हस्तक्षेप करण्याची युक्ती ही जुळी भावंडे होत. मात्र आपण प्रवाहाचे ‘नियंत्रण’ केले, असा दावा प्रांट्लने केलेला नाही. तो शब्द नंतर आला, आणि येताना त्याने आपल्याबरोबर बरेच काही आणले.

आज ‘सक्रिय प्रवाहनियंत्रण’ या नावाखाली जे लेखन प्रसिद्ध होते, त्याचा एक मोठा भाग लहान मानवरहित विमानांसंबंधी आहे. पंखाच्या पृष्ठावर सूक्ष्म झोत सोडून, पडदी कंपित करून, अथवा उच्च विद्युद्दाबाने हवेचे आयनीभवन घडवून या विमानांची ‘कामगिरी सुधारते’, असे त्यात वारंवार म्हटलेले आढळते. प्रयोगांची सचोटी येथे वादाचा विषय नाही. प्रश्न आहे तो या विधानातील शब्दांचा. ‘सक्रिय’, ‘नियंत्रण’ आणि ‘कामगिरी’ या तीन शब्दांनी मिळून काही हिशेब वाचकाच्या दृष्टीआड केले आहेत, आणि विमान जितके लहान तितके हे झाकलेले हिशेब अधिक महत्त्वाचे ठरतात. या विषयाची मराठी परिभाषा अद्याप घडत असल्यामुळे ही चिकित्सा आताच करणे सोयीचे आहे. एकदा का संज्ञा पाठ्यपुस्तकात स्थिरावली, की तिच्यातील गृहीतकही तिच्याबरोबर स्थिरावते.

प्रथम वस्तुस्थिती थोडक्यात पाहू. पंखाच्या पृष्ठाला टेकलेली हवा पृष्ठाच्या मानाने स्थिर असते, आणि पृष्ठापासून दूर जावे तसा तिचा वेग वाढत जातो. हा फरक ज्या पातळ थरात सामावतो तोच सीमास्तर. पंखाच्या वरच्या पाठीवरून मागील कडेकडे जाताना हवेला वाढत्या दाबाविरुद्ध चढावे लागते. मुख्य प्रवाहाजवळ त्यासाठी पुरेसा वेग असतो. सीमास्तरातील मंदावलेल्या हवेजवळ तो नसतो. ती थांबते, उलट फिरते, आणि सगळा प्रवाह पृष्ठ सोडून वर उचलला जातो. यालाच प्रवाहाचे विलगन म्हणतात. विलगन झाले की उत्थापन घटते आणि रोध एकदम वाढतो. वैमानिक ज्याला ‘स्टॉल’ म्हणतात ती अवस्था ही होय. विलगन लांबविण्याचा कोणताही उपाय शेवटी सीमास्तरातील थकलेल्या हवेला वेग पुरविण्याचा किंवा तिला वाटेतून काढून घेण्याचा उपाय असतो.

आता शब्दांकडे वळू. इंग्रजी ‘कंट्रोल’ या शब्दाचे मूळ मध्ययुगीन लॅटिनमधील ‘कॉन्ट्रारोटुलुस’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ ‘ताळा पाहण्यासाठी ठेवलेली दुसरी वही’. एक कारकून जमाखर्चाची गुंडाळी लिही, दुसरा तिची स्वतंत्र नक्कल ठेवी, आणि दोन्ही ताडून पाहणे म्हणजे ‘कंट्रोल’ करणे. सत्ता चालविणे, काबूत ठेवणे हे अर्थ त्यावरून पुढे आले. मराठीत रूढ झालेला ‘नियंत्रण’ हा शब्द संस्कृत ‘यन्त्र्’ या धातूवरून, म्हणजे बांधणे, आवळणे या अर्थावरून आला आहे. इंग्रजी शब्दातील वहीची स्मृती त्यात नाही. दोर आहे, ताळा नाही. व्युत्पत्तीवरून अर्थ ठरत नाही, हे भाषाशास्त्राच्या प्रथम वर्षातील विद्यार्थ्यालाही सांगावे लागत नाही. तरीही या प्रकरणी जुना अर्थ अगदी नेमक्या ठिकाणी बोट ठेवतो, हे पुढे दिसून येईल.

इतर भाषांनी याच क्रियेला काय म्हटले, हे पाहण्यासारखे आहे. १९६१ साली गुस्टाव लाखमान यांनी संपादित केलेला दोन खंडांचा इंग्रजी ग्रंथ ‘बाउंडरी लेअर अँड फ्लो कंट्रोल’ या नावाने निघाला, आणि इंग्रजीत हीच संज्ञा पक्की झाली. जर्मन परंपरेत मात्र रूढ शब्द आहे ‘ग्रेन्झशिख्ट-बेआइनफ्लुसुंग’. सरळ मराठीत सांगायचे तर, सीमास्तरावर प्रभाव पाडणे. प्रभाव पाडणारा मनुष्य स्वामित्वाचा दावा करीत नाही. रशियन अभियंत्यांनी तर अधिकच साधा मार्ग धरला. मिग-२१ विमानाच्या नंतरच्या आवृत्त्यांत फ्लॅपवर झोत सोडण्याची जी योजना होती, तिचे नाव ‘एस. पी. एस.’, त्याचे पूर्ण रूप ‘स्दूव पग्रानीच्नवा स्लोया’, म्हणजे सीमास्तर फुंकून काढणे. चूल फुंकावी तसे. नाशिकजवळ ओझर येथील हिंदुस्तान एअरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधलेल्या मिग-२१ बिस विमानांतही ही योजना होती. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये भारतीय हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हा महाराष्ट्रात तयार झालेले प्रवाहनियंत्रणाचे एक जुने आणि खऱ्या अर्थाने सिद्ध झालेले उदाहरणही सेवेतून गेले. त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही.

या रशियन शब्दात एक प्रामाणिकपणा आहे. फुंकायचे म्हटले की फुंकणारा कोण आणि त्याचा दम कोठून आला, हा प्रश्न लगेच उभा राहतो. मिगच्या बाबतीत उत्तर तयार होते : हवा इंजिनाच्या संपीडकातून घेतलेली. जेट इंजिन असलेल्या विमानात दाबाखालील हवा असतेच, आणि उतरताना, म्हणजे फ्लॅपची गरज असते तेव्हा, इंजिनाची सगळी शक्ती वापरातही नसते. फुंकण्याचा खर्च त्या थोड्या काळापुरता परवडतो. याउलट दोन किलोग्रॅम वजनाच्या, बॅटरीवर पंखा फिरविणाऱ्या विमानात संपीडकच नाही. तेथे फुंकण्यासाठी लागणारा प्रत्येक वॅट त्याच बॅटरीतून काढावा लागतो, जिच्यावर विमान हवेत टिकून आहे. मोठ्या विमानाच्या अनुभवातून आलेली संज्ञा लहान विमानाला लावताना हा भेद गळून पडतो, आणि ‘नियंत्रण’ या शब्दात तो गळलेला दिसत नाही.

दुसरा भेद याहून सूक्ष्म आहे. जर्मन भाषेत ‘श्टॉयरुंग’ आणि ‘रेगेलुंग’ हे दोन शब्द काटेकोरपणे वेगळे राखलेले आहेत. आधी ठरविल्याप्रमाणे क्रिया करीत राहणे ही पहिली. परिणाम मोजून, तो अपेक्षेशी ताडून, फरकानुसार क्रिया बदलणे ही दुसरी. इंग्रजी दोन्हींना ‘कंट्रोल’ म्हणते, आणि मराठीने इंग्रजीमागे जाऊन दोन्हींना ‘नियंत्रण’ म्हटले. सक्रिय प्रवाहनियंत्रणाच्या नावाने प्रसिद्ध होणारे बरेच प्रयोग पहिल्या प्रकारचे असतात. वातविवरात पंख एका कोनात बसविला, प्रवर्तक एका ठरलेल्या वारंवारतेने चालू केला, बंद केला, आणि दोन अवस्थांतील उत्थापन मोजले. येथे ताळा पाहणारी दुसरी वही संशोधकाच्या टेबलावर आहे, विमानात नाही. ही उणीव क्षेत्रातील जाणत्यांना ठाऊक नाही असे मुळीच नाही. मोहम्मद गाद-एल-हक यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या उपशीर्षकात ‘पॅसिव्ह’ आणि ‘ॲक्टिव्ह’ यांच्या जोडीस ‘रिॲक्टिव्ह’ हा तिसरा शब्द घातला, आणि तेथे ‘कंट्रोल’ऐवजी ‘मॅनेजमेंट’ म्हटले. संज्ञेत काही कमी पडते आहे याची ही कबुलीच समजावी. पण नवीन लेखांची शीर्षके अजूनही जुन्याच जोडीवर चालतात.

त्या जोडीतील ‘पॅसिव्ह’ला मराठीत ‘निष्क्रिय’ म्हणण्याची प्रवृत्ती आहे, आणि ती टाळण्याजोगी आहे. पंखाच्या पुढील भागावर बसविलेली खरबरीत पट्टी किंवा आडवी तार ही निष्क्रिय कशी? ती मुख्य प्रवाहातून ऊर्जा घेते आणि सीमास्तरात खळबळ माजवून ती तेथे पोहोचविते. ती विमानाच्या बॅटरीतून काही मागत नाही, एवढेच. भेद क्रियेच्या असण्यानसण्याचा नसून ऊर्जा कोणाच्या खात्यातून जाते याचा आहे. ‘सक्रिय’ शब्दाला आपोआप चिकटणारा गौरव, आणि ‘निष्क्रिय’ला चिकटणारी हीनता, यांमुळे विद्यार्थ्याच्या मनात तुलना सुरू होण्यापूर्वीच निकाल लागतो.

हा निकाल किती एकतर्फी असू शकतो, हे लहान विमानांच्याच इतिहासावरून दिसते. प्रवाहाचे स्वरूप ठरविणारी राशी म्हणजे रेनॉल्ड्स अंक : वेग आणि पंखाची रुंदी यांच्या गुणाकारास हवेच्या गतिक श्यानतेने भागून येणारी संख्या. वीस सेंटिमीटर रुंदीचा पंख सेकंदास १२ मीटर वेगाने जात असेल तर ती सुमारे १,६०,००० येते. दहा सेंटिमीटर आणि ८ मीटर असेल तर सुमारे ५३,०००. प्रवासी विमानाच्या पंखावर ती कोटींच्या घरात असते. या अंकाच्या खालच्या टप्प्यात सीमास्तर बराच वेळ स्तरीय, शांत राहतो, आणि शांत सीमास्तर चढत्या दाबापुढे लवकर हार मानतो. संक्षुब्ध झालेला सीमास्तर मात्र वरची वेगवान हवा खाली खेचत असल्यामुळे अधिक काळ तग धरतो. एफ. डब्ल्यू. श्मित्झ या जर्मन संशोधकाने १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या, प्रतिकृती-विमानांच्या वायुगतिकीवरील ग्रंथात हे स्पष्टपणे मांडले. पंखापुढे एक बारीक तार ताणली की प्रवाह संक्षुब्ध होतो, आणि एरवी निकामी ठरणारा जाड पंख पुन्हा कामाचा होतो; शिवाय या टप्प्यात पातळ, वक्र पट्टीसारखा पंख जाड, सुबक पंखाला मागे टाकतो. तारेचे वजन नगण्य, वीज शून्य. म्हणून लहान विमानाच्या पंखावर एखाद्या प्रवर्तकाने मिळविलेली सुधारणा केवळ ‘प्रवर्तक बंद’ या अवस्थेशी ताडून सांगितली, तर ती तुलना अपुरी ठरते. तिने तारेशी, पट्टीशी आणि बदललेल्या पंखाकृतीशीही सामना द्यावयास हवा. अनेक लेखांत असा सामना होत नाही, आणि ‘निष्क्रिय’ या शब्दाने प्रतिस्पर्ध्याला आधीच बाद केलेले असते.

आता ‘कामगिरी’कडे. समजा, दोन किलोग्रॅम वजनाचे विमान सेकंदास १५ मीटर वेगाने सरळ उडत आहे आणि त्याचे उत्थापन रोधाच्या दहापट आहे. रोध सुमारे १.९६ न्यूटन, त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती सुमारे २९ वॅट. मोटर आणि पंखा मिळून निम्मी ऊर्जा वाया जाते असे धरले, तर बॅटरीतून सुमारे ५९ वॅट जातात. एखाद्या योजनेने उत्थापन आणि रोध यांचे गुणोत्तर १० टक्क्यांनी वाढविले, म्हणजे ११ केले, तर पाचएक वॅट वाचतात. हे ऐकावयास बरे वाटते. परंतु प्रवर्तक, तारा आणि उच्च विद्युद्दाब निर्माण करणारे यंत्र यांचे वजन १०० ग्रॅम भरले, तर एकूण वजन ५ टक्क्यांनी वाढते. आणि तोच पंख त्याच कोनात ठेवून अधिक वजन उचलावयाचे तर वेग वाढवावा लागतो, म्हणून लागणारी शक्ती वजनाच्या दीडाव्या घाताने, म्हणजे सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढते. वाचलेल्या पाच वॅटांपैकी शिल्लक राहतो सव्वा वॅट. प्रवर्तकाची सगळी यंत्रणा या सव्वा वॅटवर चालली, तरच बरोबरी. त्याहून अधिक वीज घेतली, तर विमान आधीपेक्षा लवकर खाली उतरेल.

हे गणित मुद्दाम उदार ठेवले आहे. प्रत्यक्षात १० टक्क्यांची सुधारणा बहुधा सरळ उड्डाणात मिळतच नाही. विलगन रोखण्याचे उपाय विलगन असते तेथेच उपयोगी पडतात, आणि नीट रचलेल्या विमानाचा पंख सरळ उड्डाणात त्या अवस्थेजवळ नसतो. मोठमोठे टक्के आढळतात ते पंख बराच वर कलल्यानंतरच्या, स्टॉलच्या पलीकडील कोनांत. आणि तेथे विमान आपल्या उड्डाणाचा फार थोडा वेळ घालविते. वातविवरातील आलेखाचा सर्वांत उंच बिंदू निवडून तो ‘कामगिरी’ या शब्दाखाली मांडला, की वाचक तो उड्डाणकाळावर लावून मोकळा होतो. गावठाणाच्या मोजणीसाठी ड्रोन उडविणाऱ्याला एका बॅटरीत किती क्षेत्र होईल हे हवे असते. आलेखातील त्या उंच बिंदूचा त्याला तेथे काही उपयोग नाही.

येथपर्यंतच्या विवेचनावरून हे सगळे क्षेत्रच पोकळ आहे, असा समज झाल्यास तो अन्यायाचा होईल. त्यातील सर्वांत मनोवेधक शोध वरील हिशेबाच्या पलीकडे जातो, आणि त्यासाठी थोडे थांबले पाहिजे. अखंड झोत सोडून सीमास्तराला वेग देणे ही ओढाताणीची पद्धत झाली. जेवढे द्यावे तेवढे मिळते. परंतु पृष्ठापासून सुटणारा प्रवाह आणि त्याखालची मंद हवा यांच्या मधला थर मूळचाच अस्थिर असतो. योग्य ताल मिळाला तर त्यात भोवरे उठतात, वाढतात, आणि वरची वेगवान हवा खाली घेऊन येतात. हे भोवरे वाढविण्याची ऊर्जा मुख्य प्रवाह स्वतः पुरवितो; प्रवर्तकाला फक्त ताल धरावयाचा असतो. इस्रायल विग्नान्स्की, अव्ही झायफर्ट, डेव्हिड ग्रीनब्लाट आदींनी या नियतकालिक उत्तेजनाचा सविस्तर अभ्यास केला. त्यांच्या मते उपयुक्त वारंवारता साधारणतः अशी, की हवा विलग भागावरून जाण्यास जेवढा वेळ घेते तेवढ्यात एक कंपन व्हावे. वीस सेंटिमीटरचा पंख आणि सेकंदास १२ मीटर वेग यांसाठी ती सेकंदाला ६० येते. आरी ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून कितीतरी अधिक वारंवारतेचा पुरस्कार केला. त्यांच्या दृष्टीने प्रवर्तक भोवऱ्यांना जागे करीत नाही. तो पृष्ठाजवळ अशी परिस्थिती उत्पन्न करतो, की प्रवाहाला पंखाचा आकारच बदलल्यासारखा ‘वाटतो’. हे दोन पक्ष केवळ आकड्यांवरून भांडत नाहीत. क्रियेचा कर्ता कोण, यावर त्यांचे मतभेद आहेत.

मराठी व्याकरणाला हा भेद परका नाही. ‘वळणे’, ‘वळविणे’ आणि ‘वळवून घेणे’ ही तीन रूपे मराठी बोलणारा न चुकता वेगळी वापरतो. हवा आपोआप वळते. झोत तिला वळवितो. आणि ताल धरणारा प्रवर्तक तिच्याच अंगच्या बळाने तिला वळवून घेतो. ‘वळवून घेणे’ यात दुसऱ्याच्या सामर्थ्याची कबुली आहे, आणि नियतकालिक उत्तेजनाचे याहून नेमके वर्णन ‘नियंत्रण’ या तत्सम शब्दाने साधत नाही. हट्टी बैलाला दोराने ओढणे आणि कुशल गाडीवानाने त्याला केवळ आवाजाने वळवून घेणे यांत जे अंतर आहे, तेच येथेही आहे. परिभाषा घडविताना क्रियापदांकडे दुर्लक्ष करून सगळा भार नामांवर टाकण्याची आपली सवय येथे महागात पडते.

नामांच्या बाबतीतही भाषांतरकाराने सावध असले पाहिजे. बार्टन स्मिथ आणि ग्लेझर यांनी १९९८ साली ज्या ‘सिंथेटिक जेट’चे विवेचन केले, त्यास मराठीत ‘कृत्रिम झोत’ म्हणणे सरळ चूक आहे. कप्प्याच्या तळाशी असलेली पडदी आतबाहेर हलते. आत जाताना भोवतालची हवा सगळ्या बाजूंनी खेचली जाते आणि बाहेर येताना भोवऱ्याच्या कड्यांच्या रूपाने समोर फेकली जाते. एका चक्राअखेर कप्प्यातून निव्वळ हवा शून्य बाहेर पडते, तरी समोर झोत तयार होतो. तो भोवतालच्याच हवेतून जुळविलेला, म्हणजे संश्लेषित झोत होय. खोटेपणाचा येथे संबंध नाही. लहान विमानाला ही युक्ती मानवते ती याच कारणाने, की तिला संपीडक लागत नाही आणि नळ्यांचे जाळेही लागत नाही. प्लाझ्मा-प्रवर्तकाचेही तसेच : विद्युत्-रोधक पातळ पट्टीच्या दोन बाजूंस दोन वाहक पट्ट्या, त्यांत काही हजार व्होल्टांचा प्रत्यावर्ती दाब, आणि पृष्ठालगत सेकंदास काही मीटर वेगाचा हवेचा ओघ. प्रवासी विमानाच्या वेगापुढे हा ओघ क्षुद्र आहे. सेकंदास १० मीटर वेगाने जाणाऱ्या विमानापुढे तो क्षुद्र नाही. लहान आकाराने हिशेब बिघडतो, तसा तो येथे काहीसा सुधारतोही. टीकाकाराने दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत.

‘नियंत्रण’ हा शब्द आपला मूळ अर्थ खऱ्या अर्थाने परत मिळवितो, तो प्रवाहाच्या ऐवजी विमानाच्या नियंत्रणाची गोष्ट निघते तेथे. २०१० च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडमधील वॉल्नी बेटावर ‘डीमन’ हे मानवरहित विमान हलणाऱ्या पृष्ठांऐवजी हवेच्या झोतांनी वळविण्याचा प्रयोग झाला. पुढे मँचेस्टर विद्यापीठाच्या सहकार्याने ‘मॅग्मा’ विमानावर २०१९ साली वेल्समध्ये याच धर्तीचे उड्डाण-प्रयोग झाले. अमेरिकेत २०२३ साली ‘एक्स-६५’ हे नाव मिळालेले विमान याच कल्पनेवर आखले गेले. या तिन्हींत रोधाच्या टक्केवारीची बढाई नाही. बिजागऱ्या आणि फटी नाहीशा झाल्या तर यंत्ररचना सोपी होईल, विमान रडारला कमी दिसेल, हा त्यांचा दावा. आणि तो उड्डाणात तपासता येतो. विमान वळले, की झोताने काम केले.

परंतु याच उदाहरणांवरून ‘लहान’ हे विशेषणही किती सैल वापरले जाते ते दिसते. भारताच्या ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचे विमान नॅनो, त्यापुढे २ किलोग्रॅमपर्यंत मायक्रो, २५ किलोग्रॅमपर्यंत लहान, १५० किलोग्रॅमपर्यंत मध्यम आणि त्यापुढील मोठे. सुमारे ९० किलोग्रॅमचे डीमन या कोष्टकात मध्यम ठरते. तीन टनांहून अधिक वजनाचा आराखडा असलेले एक्स-६५ तर सरळ मोठ्या वर्गात जाते. तिन्ही विमाने जेट इंजिनावर चालणारी, म्हणजे मिगच्या गोत्रातील आहेत. त्यांचे यश सांगून दोन किलोग्रॅमच्या विमानासाठी निष्कर्ष काढणे म्हणजे हत्तीच्या आहारावरून चिमणीचा दाणा ठरविण्यासारखे आहे. २०१५ साली बोइंग ७५७ च्या उभ्या शेपटावर ३१ झोत बसवून केलेला प्रयोगही प्रास्ताविकात हटकून उद्धृत होतो, आणि तेथेही हाच आक्षेप लागू पडतो.

एक्स-६५ च्या आराखड्यातील एक गोष्ट मात्र उल्लेखनीय आहे. त्यात झोतांची यंत्रणा आणि नेहमीची हलणारी पृष्ठे असे दोन संच ठेवण्याचे ठरले, ते एकाची दुसऱ्याशी उड्डाणातच तुलना व्हावी म्हणून. जुन्या लॅटिन कारकुनाची ताळ्याची वही येथे विमानात चढविली आहे.

लहान विमानाच्या बाबतीत प्रवाह-प्रवर्तनाचा खरा उपयोग उड्डाणकाळ वाढविण्यापेक्षा वाऱ्याच्या झोतात तोल सावरण्यात असावा, असे या सर्व साहित्यावरून वाटते. हलके विमान वाऱ्याच्या झुळकीने क्षणात स्टॉलजवळ ढकलले जाते, आणि तेथे अर्ध्या सेकंदाची मदतही विमान वाचविते. मग बॅटरीतून चार वॅट अधिक गेले तरी तक्रार नाही. मात्र येथेही एक अडचण आहे. सुटलेला प्रवाह पुन्हा पृष्ठाला टेकण्यास हवा पंखावरून जाण्याच्या वेळेच्या दहापंधरा पट वेळ लागतो. वरील पंखासाठी तो सेकंदाचा सहावा ते चौथा भाग. झुळूक त्याहून झपाट्याने आली, तर प्रवर्तकाने ती आधीच ओळखली पाहिजे. म्हणजे मापक हवा, निर्णय हवा, ‘रेगेलुंग’ हवे. या दिशेचे काम कमी आहे आणि कठीण आहे. शीर्षकात ‘नियंत्रण’ घालण्याचा हक्क खरा त्याचा.

मराठी परिभाषेपुरते बोलावयाचे तर, ‘द्रव’ आणि ‘वायू’ यांच्या जोडणीतून ‘द्रायु’सारखा नेटका शब्द घडविणाऱ्या भाषेला येथे थबकण्याचे कारण नाही. ठरीव क्रियेस ‘प्रवाह-प्रवर्तन’, मोजून-ताडून केलेल्या क्रियेस ‘प्रवाह-नियमन’, आणि ‘नियंत्रण’ हा शब्द विमानाच्या दिशेसाठी राखून ठेवावा. ‘सक्रिय’ व ‘निष्क्रिय’ यांऐवजी ‘सव्यय’ आणि ‘निर्व्यय’ म्हटले, तर ऊर्जेचे खाते नावातच दिसते. हे शब्द कानाला थोडे कोरडे लागतात, हे खरे. प्रबंधलेखकांच्या आवडत्या ‘रोध कमी करण्यात आला’ या कर्तृहीन रचनेबद्दलही मार्गदर्शकांनी थोडे कठोर व्हावे. कोणी कमी केला, कोणत्या कोनात, किती वॅट घेऊन, कोणत्या पंखाच्या तुलनेत, हे वाक्यात आले नाही तर ते वाक्य परत करावे. एक शब्द मात्र अद्याप अडतो. ‘कंट्रोल ऑथॉरिटी’ म्हणजे चालकाच्या आज्ञेसरशी विमानावर किती बळ लावता येते त्याचे माप. ‘नियंत्रण-अधिकार’ हा त्याचा शब्दशः अनुवाद कचेरीतील फायलीसारखा वाटतो. ‘पकड’ हा शब्द अर्थाच्या अधिक जवळ आहे, पण कारखान्यात तोच शब्द हत्यारासाठी गुंतलेला आहे, आणि कारखान्यातील माणसे तो सोडतील असे दिसत नाही.